शेणव्याजवळचा दुपारचा पहारा

मॉरिशसहून निघताना प्लेझन्सच्या विमानतळावर आई रडत होती आणि बाबा मला टेपरेकॉर्डरची बटणं समजावत होते. "लाल आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. एकच दाबलंस तर कॅसेट नुसती फिरते, भरत नाही." सोबत नव्वद मिनिटांच्या सहा कोऱ्या कॅसेट होत्या, आपल्या वाक्वाच्या भजनी मंडळाने दिलेल्या. पोरगा मुंबईला मराठी शिकायला चाललाय तर त्याने तिकडचा खरा सप्ताह भरून आणावा, एवढीच मंडळाची मागणी. आपले पणजे-खापरपणजे उसाच्या मळ्यांवर आले ते अभंग पाठ करून आले, पण सप्ताह कसा बसवतात हे आपल्याकडे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच जड गेलं नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

मुंबईत पहिल्या तीन महिन्यांत मी एकही शनिवार-रविवार वाया घालवला नाही. दादरला गाणं असलं की मी हजर, गिरगावात असलं की तिकडे. शेवटच्या रांगेत बसायचो. शेजारचे गृहस्थ मान डोलवायचे तेव्हा मीही डोलवायचो. मध्यंतरात चहा पिताना कुणीतरी विचारायचं, कुठले तुम्ही? मॉरिशसचा म्हटलं की प्रश्नांची सरबत्ती. तुमच्याकडे भात खातात का? हो. अंगणात तुळस असते का? हो. घरी मराठीच बोलता का? आता घरी आपण काय बोलतो ते तुम्हा मंडळींना माहीत आहे, पण तिथे चहाचा कप हातात धरून आपल्या बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या क्रेओल बोलीची सगळी कहाणी कोण सांगत बसणार? हो. असा मी सगळ्याच परीक्षांत पास होत गेलो.

माझ्या वर्गात मुरबाडचा सुभाष होता. उंच, काटकुळा, आणि चेष्टेखोर इतका की प्राध्यापकही त्याच्या वाटेला जात नसत. "गाण्याला मान हलवायला शिकलास," तो म्हणाला, "आता जरा आमच्याकडं ये. आमच्याकडं मान हलवून नाय चालत, टाळ धरायला लागतो."

पहिल्यांदा त्याने मला भातसानगरला नेलं. त्याचे मावसे धरणावर नोकरीला होते. आसनगावला उतरून शहापूर, तिथून एस.टी. (सरकारी बस). धरणाच्या भिंतीवर उभा राहिलो तर एवढं गोडं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याकडे चहूबाजूंनी पाणीच आहे, पण ते खारं. मावशींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा त्या खूश झाल्या आणि खिडकीतून हात दाखवत म्हणाल्या, "बघितलास ना? ह्ये सगला पाणी तुमच्या मुंबईला जाता. आणि वरच्या पाड्यांवर बाया अजून डोक्यावर हंडे वाहतात."

"मी काय करू?" मावसे ताटातून वर न बघता म्हणाले. "मी काय दार उघडून त्यांच्याकडं सोडू?"

मी पाचवी भाकरी घेतली.

दुसऱ्या खेपेला वैशाखऱ्याला गेलो. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, समोर डोंगर असे उभे की मान मागे टाकल्याशिवाय आभाळ दिसत नाही. देवळात सुंदर भजन झालं. पेटी वाजवणारा माणूस शेतावरून थेट आला होता, त्याच्या पोटऱ्यांना चिखल वाळलेला, आणि त्याचा सूर असा लागला की दादरची शेवटची रांग मी विसरलो. सगळं भजन मी टेपरेकॉर्डरपाशी बसून ऐकलं. हॉस्टेलवर येऊन लावून बघतो तर नुसती खरखर. मी एकच बटण दाबलं होतं. बाबांनी साडेचार हजार किलोमीटरवरून आधीच सांगून ठेवलेली चूक मी इमानेइतबारे केली.

म्हणून तिसरी खेप. शेणव्याजवळ सुभाषच्या आत्याच्या गावी माघात सप्ताह होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. शनिवार होता, आणि त्याच संध्याकाळी मुंबईत ज्या गायिकेला ऐकायला मी दोन महिने थांबलो होतो तिचं गाणं होतं. तिकीट शर्टाच्या खिशात. हिशेब साधा होता: सकाळी जायचं, दुपारपर्यंत कॅसेट भरायची, अडीचची एस.टी. शेणव्याहून पकडायची, गाण्याला पोचायचं. सुभाषने हिशेब ऐकला आणि नुसता हसला.

पहाटे पाचला उठलो तर हॉस्टेलच्या नळाला पाणी नाही. बादली कोरडी. बाटलीत घोटभर होतं, त्यात दात घासले, तोंड पुसलं आणि निघालो. कुणाच्या लक्षात येणार आहे?

शेणव्यापासून पायी वीस-पंचवीस मिनिटं. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत कापून गंजी रचून ठेवलेल्या. उरलेलं गवत उभ्याउभ्या वाळून पिवळं झालेलं, पायाखाली चुरचुरत होतं. गाव म्हणजे पंचवीस-तीस घरं, मारुतीचं देऊळ आणि देवळापुढे कापडाचा मांडव. मांडवात समई तेवत होती. समईपुढे एक म्हातारा गळ्यात वीणा अडकवून उभा होता, तार छेडत, एका जागी पावलं टाकत, "राम कृष्ण हरी" म्हणत. हे हिराजीबाबा. सत्तरीचे असतील. खांबावर खडूने लिहिलेली फळी टांगली होती, त्यावर तिथीवार आणि तासवार नावं.

"हा पहारा," सुभाषने समजावलं. "सात दिवस वीणा खाली ठेवायची नाय. दोन-दोन तासांनी माणूस बदलतो, वीणा याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. देताना घेताना एकमेकांच्या पाया पडायचं. बारा ते दोन हिराजीबाबा. दोन वाजता शेजारच्या पाड्याचे लोक येणार. मग तू जा तुझ्या बाईंच्या गाण्याला."

समईजवळ एक म्हातारी पाय पसरून बसली होती, वातींची राखण करत. तिला सगळे बारकीआजी म्हणत. तिने मला बसायला सांगितलं, पानावर भात आणि वरण आलं, वर गुळाची लापशी. जेवण झाल्यावर मी टेपरेकॉर्डर समईपासून हातभर ठेवला. एक वाजला असेल. दोन्ही बटणं दाबली. तीनदा खात्री केली.

पंधरा मिनिटंही झाली नसतील, आणि मला जळक्या गवताचा वास आला. आधी कुणीच मनावर घेतलं नाही, कारण माघ-फाल्गुनात डोंगरावर कुठे ना कुठे वणवा असतोच. मग एक बाई धावत मांडवात आली. "खाली उतरला," ती म्हणाली. "गंजींकडं आलाय."

बघता बघता मांडव रिकामा झाला. पुरुष हिरव्या डहाळ्या तोडत डोंगराकडे पळाले, बायका हंडे घेऊन विहिरीकडे. सुभाष मला "इथंच थांब" म्हणाला आणि चपला तिथेच टाकून गेला. उरलो तिघं: बारकीआजी, मी, आणि वीणा गळ्यात घेऊन उभे हिराजीबाबा. ते नाव घेत होते, पण डोळे मांडवाबाहेर लागलेले.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बाबा, तुमच्या गोठ्याकडं वळलाय!"

त्यांचे दोन बैल त्या गोठ्यात बांधलेले होते. मुलगा कल्याणला कामावर. घरात दुसरं कुणी नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की म्हाताऱ्याची पावलं मांडवाबाहेर वळताहेत आणि तोंडाने राम कृष्ण हरी चालू आहे. त्यांनी बारकीआजीकडे पाहिलं. तिने गुडघ्यावर हात ठेवून मान हलवली. तिच्याने उभं राहवत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जात विचारली नाही. गाव विचारलं नाही. मॉरिशस कुठे आहे तेही नाही. एवढंच विचारलं, "आंगोळ झाली का रे?"

"झाली," मी म्हणालो.

विचार केला नाही. इतके महिने हो, हो म्हणत आलो होतो, तसंच तोंडातून गेलं. कळेपर्यंत वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात होता आणि हिराजीबाबा वाकून माझ्या पायांना हात लावत होते. "नाव थांबवू नको," ते म्हणाले, आणि अनवाणी पळत सुटले. मला त्यांच्या पाया पडायलाही सुचलं नाही.

मी नाव घ्यायला लागलो. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, मंडळात मला नेहमी झांजेवर बसवतात. वीणा वाटते त्यापेक्षा जड असते. पहिली दहा मिनिटं अभिमानात गेली, हे लपवत नाही. बाबांना काय वाटेल, मंडळाला काय वाटेल, तेच डोक्यात. मग धूर मांडवात शिरला.

"आजी, ही कधीच खाली ठेवत नाहीत?" दोन नामांच्या मध्ये मी विचारलं.

"बावीस वरसं सप्ता हाय. नाय ठेवली." ती वात पुढे सरकवत होती. "माझा सासरा सप्त्यातच गेला. त्याला नेला, जाळला, आंगोळी केल्या. वीणा उभीच."

"आणि टेकली तर?"

"टेकत नाय," ती म्हणाली. त्यावर पुढे काही विचारायची सोय नव्हती.

डोंगराकडून आरडाओरडा येत होता, मधूनच बांबू फुटल्याचे आवाज. जळालेल्या गवताच्या काळ्या काड्या वाऱ्याबरोबर येऊन मांडवाच्या कापडावर पडत होत्या. एक काडी अजून लाल होती. ती कापडावर बसली, तिथे रुपयाएवढं भोक पडलं आणि विझली. माझं नाव घेणं अडखळलं.

"मांडव पेटला तर काय करायचं?"

"मग वीणा घ्यायची नि नदीवर जायचा. तितं उभा राहायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हन."

पावणेदोनला टेपरेकॉर्डरचं बटण टक्कन वर आलं. एक बाजू संपली. कॅसेट उलटायला हात मोकळा नव्हता. आजीला ते यंत्र सांगण्यात अर्थ नव्हता. मी घड्याळाकडे बघत राहिलो. दोन वाजता पाड्याचे लोक येतील, ते आगीकडे नसणार, आंघोळ करून टाळ घेऊन येतील, माझी सुटका करतील. दोन वाजले. सव्वादोन. वाटेवर कुणी नाही. "आज दशमी," आजी पुटपुटली. "फलीवर दशमी त्यांचीच हाय. यायला पायजे."

अडीच वाजले तेव्हा माझी एस.टी. शेणव्याहून निघाली असणार. खरं सांगतो, त्या वेळी गाण्याची आठवणही झाली नाही. खांदा बधिर झाला होता, घसा बसला होता, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: त्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता, आणि मी त्यावरही खोटं बोललो. आपण असल्या गोष्टी मानणारे नाही, असं मी हॉस्टेलमध्ये तावातावाने सांगायचो. पण इथे मला स्पष्ट वाटत होतं की त्यांचे बैल जळले तर ते माझ्यामुळे जळतील. बावीस वर्षं सासऱ्याच्या मरणानेही न मोडलेलं काहीतरी मी मघाशीच मोडून ठेवलंय आणि वर त्याचंच नाव घेत उभा आहे. मला रडू यायला लागलं. धुरामुळे डोळे तसेही वाहत होते, त्यामुळे ते लपलं.

"आजी," मी म्हणालो, "माझी आंघोळ झालेली नाही."

तिचा हात वातीवर थांबला. "काय म्हनलास?"

"सकाळी नळाला पाणी नव्हतं. तोंड पुसून आलो."

"नि त्यांना सांगितलास झाली म्हनून?"

"हो."

"का रे?"

"सवय आहे," मी म्हणालो. जे होतं ते एवढंच होतं.

मला वाटलं आता हाकलेल, ओरडेल, गाव गोळा करेल. मग तिने खांब धरला. जिच्याने उभं राहवत नव्हतं ती म्हातारी खांबाला धरून उठली, कुरकुरत चार पावलं चालली आणि मांडवाच्या कडेला ठेवलेल्या हंड्यापाशी पोचली. पहाऱ्यावाल्यांसाठी भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी होतं ते. विहीर गावाच्या खाली, आणि त्या दिवशी वर येणारा प्रत्येक हंडा आगीवर जात होता.

"वीणा वर धर," ती म्हणाली. "डोक्याच्या वर. नि नाव सोडू नको."

मी पट्टा गळ्यातून काढून वीणा दोन्ही हातांनी वर धरली. तिने तांब्या भरला आणि माझ्या खांद्यावर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. हात पोचत होता तेवढ्या उंचीवरून, डोकं खाली करायला लावून डोक्यावर, पाठीवर, पायांवर. माघातलं पाणी, गार. माझे दात वाजत होते आणि राम कृष्ण हरी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होतं. हंड्यात तळाशी राहिलं ते तिने हंडाच कलता करून माझ्या पायांवर रिकामं केलं. खिशातलं तिकीट शर्टाला चिकटलेलं मला जाणवलं.

"आता झाली," ती म्हणाली, आणि जाऊन समईपाशी बसली.

तीन वाजून गेले तेव्हा आरडाओरडा कमी झाला. पहिल्यांदा सुभाष आला, काळाकुट्ट, भुवया जळालेल्या. गंजी बऱ्याचशा वाचल्या होत्या. हिराजीबाबांचा गोठा गेला, पेंढा गेला. बैल? "सोडले त्यांनी," तो म्हणाला. "दोन्ही सोडले. गाठी जळत होत्या त्या हातांनी सोडल्या." मी तिथेच खाली बसलो असतो, पण गळ्यात वीणा होती.

मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तू भिजलास कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "म्या ओतला पाणी. मघापासून एकटा उभा हाय."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आयुष्यात काही शिकलो तर ते कसब शिकावं, असं मला वाटलं.

सुभाषने वीणेकडे हात नेला नाही. त्यालाही आधी आंघोळ करायची होती. एकेक जण येत होता, मांडवाबाहेरूनच हात जोडत होता आणि विहिरीकडे उतरत होता. मी या पायावरून त्या पायावर भार टाकताना त्यांना दिसत होतो, तरी राखेच्या अंगाने कुणी पुढे झालं नाही. मला त्यांचा राग आला नाही. दोन तासांपूर्वी आला असता.

सगळ्यात आधी धुऊन आले ते हिराजीबाबाच. ओलं धोतर, तळहातांवर फोड, कुणीतरी खोबरेल लावलेलं. पकडता येत नव्हतं, म्हणून मीच पट्टा त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांनी एका बोटाने तार छेडली. मग ते वाकले. या वेळी मीही वाकलो, आमची डोकी एकमेकांवर आपटली आणि म्हातारा हसला. माझे पाय अजून ओले होते. त्यांनी त्या पायांना हात लावला तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत.

गवताच्या गासड्या नेणाऱ्या टेम्पोत बसून आसनगावला आलो. हॉस्टेलवर पोचलो तेव्हा गाणं केव्हाच सुरू झालं असणार. खोलीवरच्या मित्राने विचारलं, "कसं झालं रे गाणं?" "गेलोच नाही," मी म्हणालो. तो म्हणाला, "अरेरे." नळाला पाणी आलं होतं.

सोमवारी सुभाषने बाकीचं सांगितलं. पाड्याचे लोक रविवारी दुपारी दोनच्या ठोक्याला, आंघोळी करून, टाळ-मृदुंगासकट हजर झाले. त्या पंधरवड्यात नवमीचा क्षय होता, म्हणजे अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी थेट दशमी. फळी लिहिणाऱ्याने पंचांग पाहून लिहिली, पाड्याने बोटांवर मोजली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि वीणा माझ्या गळ्यात.

आता त्या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. त्या गावाला हे अजून ठाऊक नाही, म्हणून नाव लिहिलं नाही. परत आल्यावर मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की शेणव्याची कॅसेट सामानात हरवली. बाबांनी दोनदा बॅग उलटी केली. ती हरवली नाही. माझ्या कपाटात आहे, आणि मी ती आजवर तीनदा ऐकली आहे. आधी हिराजीबाबांचा आवाज, खरा, तुम्हाला हवा होता तसा. मग धावपळ. मग स्वच्छ ऐकू येतं, "आंगोळ झाली का रे?" आणि माझं "झाली." मग माझा बेसूर आवाज, आजीचं बोलणं, आणि टक्कन बटण. पाणी त्यात नाही. पाणी पुढे पाऊण तासाने आलं, तेव्हा यंत्र बंद होतं.

या वर्षी आपण वाक्वाला पहिला सप्ताह बसवतोय आणि पहाऱ्याची यादी तुम्ही माझ्याकडे दिलीत, म्हणून हे सगळं लिहिलं. सप्ताहाच्या आदल्या दिवशी कॅसेट घेऊन येतो, सगळे मिळून ऐकू. ते "झाली" ऐकाल तेव्हा ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. यादी मी करतो, तारखांनी करतो. माझी एकच अट आहे. मांडवात समईजवळ पाण्याचा एक भरलेला हंडा ठेवायचा, आणि तो कशासाठी आहे हे कुणाला विचारायचं नाही.